देवराईत पेव्हर ब्लॉक कशाला?
तुमच्या लेखात कोकणातल्या देवरायांबद्दल, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांबद्दल लिहिलंय ते पटलं, पण तिथल्या देवळांच्या जीर्णोद्धाराचा मुद्दा एका ओळीत उरकायला नको होता, कारण आता कुऱ्हाडीपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते. आमच्याकडे कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधलं, गाड्या आत याव्यात म्हणून रस्ता केला, भोवती पेव्हर ब्लॉक आणि त्यासाठी दोन जुने बेहडे गेले. पैसे मुंबईकर चाकरमान्यांनीच दिले, श्रद्धेनेच दिले, वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

पण धनेश पक्ष्याला घरट्यासाठी अशाच जुन्या झाडाची मोठी ढोली लागते हो, मादी आत स्वतःला कोंडून घेते आणि नर बारीकशा फटीतून उंबर-वडाची फळं भरवतो, नवीन रोपं लावून ती ढोली कुठून येणार? वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी 1970 च्या दशकातच देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व दाखवलं होतं. मंदिर बांधा, खुशाल बांधा, पण जुन्या पायावरच, आणि पाचोळा झाडून जाळू नका प्लीज, पाणी त्याच्यामुळेच मुरतं. गावोगावच्या मंडळांनी ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा, लेखकांनी यावर वेगळं लिहावं ही विनंती.