आप्पांना नेमकं काय झालं होतं?

आमच्याकडे अमळनेरला माणूस आजारी पडला की डॉक्टरकडे जातो. इंग्लंडात चांगला धडधाकट असतानाच जावं लागतं, नाव नोंदवायला, कारण आजारी पडल्यावर नोंदवायला गेलात तर फॉर्मवर प्रक्रिया होईपर्यंत एकतर ताप गेलेला असतो नाहीतर तुम्ही तरी. लीड्सला आल्यावर ऑफिसात जो तो हेच विचारायचा, जीपीकडे रजिस्टर केलंस का, घर मिळालं का ते नंतर. जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, पण सहसा आपल्या मनाला येईल तो नाही, पोस्टकोडवरून कळतं तुम्ही कोणत्या दवाखान्याच्या हद्दीत येता. पोलीस स्टेशनची हद्द ऐकली होती, खोकल्याची हद्द पहिल्यांदा पाहिली.

गावी नाव नोंदवणं म्हणजे सकाळी जाऊन कंपाउंडरच्या वहीत नंबर लावून येणं. डॉक्टर वर बघतात, "नानाचा मोठा ना तू?" म्हणतात, झाली केस हिस्ट्री. पुढचं सगळं त्यांना पाठ असतं, कोणाला शुगर, कोणाला बीपी, कोण गोळ्या घेतो आणि कोण नुसत्या आणून फ्रिजवर ठेवतो.

घरी सांगितलं तर आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या जिभाऊंचा पहिला प्रश्न, "तठे फुकट शे ना?" आता फुकट म्हटलं तर आहे, त्यांची सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, १९४८ पासून चालू आहे, डॉक्टरच्या टेबलावर पैसे काढावे लागत नाहीत हे खरं, पण आमच्यासारख्या व्हिसावाल्यांकडून हेल्थ सरचार्ज म्हणून मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पाउंड घेतात, तेही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे एकदम, आगाऊ, भारतात बसलेलो असतानाच. वर इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर दर औषधामागे ९.९० पाउंड वेगळे. (स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते पण नाहीत, आम्ही नेमके मधल्या तुकड्यात राहतो.) जिभाऊंनी आधी रुपयात हिशोब केला, मग कापसाच्या क्विंटलात केला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

बरं, व्हिसाच्या आधी मुंबईला जाऊन टीबी नाही म्हणून छातीचा एक्स-रे काढून झालेला, म्हणजे माझ्या छातीत काय आहे ते त्यांच्या सरकारला माझ्या आधी माहीत. तरी दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंना हवा होता पत्त्याचा पुरावा. लाईटबिल घरमालकाच्या नावावर. बँकेचं स्टेटमेंट आणावं तर बँक म्हणते खातं उघडायलाच पत्त्याचा पुरावा आणा, उदाहरणार्थ डॉक्टरकडचं पत्र. एनएचएसच्या वेबसाइटवर स्वच्छ लिहिलंय की जीपीकडे नाव घालायला ओळखपत्र लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, व्हिसा पण दाखवावा लागत नाही. मी ते पान मोबाइलवर उघडून बाईंना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, मला मनापासून थँक्यू म्हणाल्या, आणि म्हणाल्या की आमच्याकडे लागतो. त्या क्षणी मला इतकं घरच्यासारखं वाटलं ना, अगदी तहसील कचेरीत उभा आहे असं. शेवटी ऑफिसकडून लेटरहेडवर पत्ता लिहून आणला तेव्हा फॉर्म हातात पडला.

आणि खरी कथा फॉर्मची आहे. नाव, उंची, वजन इथपर्यंत ठीक. मातृभाषेच्या यादीत आपलं काही दिसेना, खाली "अदर" म्हणून रिकामी जागा, तर व्हिडिओ कॉलवरून जिभाऊ म्हणे अहिराणी लिही. पुढचा प्रश्न दुभाषा हवा का. मी म्हटलं जिभाऊ, हवा म्हटलं तर सरकार आणून देतं हो, आता लीड्समध्ये अहिराणीचा दुभाषा शोधायला ते निघणार कुठे, तर म्हणाले, "मले बलावतीन ना." लिहिलं मराठी, दुभाषा नको.

मग आला तो प्रश्न. जवळच्या नातेवाइकांत कोणाला साठीच्या आत हार्टचा त्रास, स्ट्रोक, कॅन्सर, डायबेटिस होता का. डायबेटिसचं विचारायचं कामच नव्हतं, ती आमच्याकडे वारसाहक्काने सगळ्यांना समान मिळालेली एकमेव गोष्ट. पण आप्पा, म्हणजे माझे आजोबा, माझ्या जन्माआधीच गेलेले, ते कशाने गेले? आई म्हणाली पोटाचं काहीतरी होतं. नाना म्हणाले छातीत कळ आली, मी स्वतः तिथे होतो. धुळ्याच्या आत्याला कॉलमध्ये घेतलं तर ती म्हणे कळ वगैरे काही नाही, पारोळ्याच्या लग्नाहून आले ते बाहेरचं घेऊनच आले, तिसऱ्या दिवशी संपले. आता "बाहेरचं" याला त्या फॉर्ममध्ये चौकोन नाही, मी बघितला. धाकटे काका म्हणाले बोरीला पूर होता म्हणून वेळेत दवाखान्यात नेता आलं नाही, त्यावर आत्या म्हणाली पूर कुठला, उन्हाळा होता, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी आले होते.

बरं, वय? साठीच्या आत की बाहेर? नानांनी पत्र्याच्या पेटीतून आप्पांचा शाळेचा दाखला काढला. जन्मतारीख अर्थात १ जून. त्या पिढीतला सगळा खान्देश १ जूनला जन्मलाय, मास्तरांची कृपा. आणि रेशनकार्डाप्रमाणे आप्पा आजीपेक्षा लहान निघाले.

तेवढ्यात काका सहज बोलून गेले की आप्पा आणखी दोन वर्षं जगले असते तर मळ्याची वाटणी सरळ झाली असती. झालं. विहिरीकडची बाजू कोणाला मिळाली, बैलजोडी कोणी विकली, तेव्हा आत्याची सही कोणी आणि काय सांगून घेतली, सगळं निघालं. मी इकडे पेन धरून "हार्ट का नॉट हार्ट एवढंच सांगा" म्हणतोय आणि तिकडे ऐकतो कोण. आत्याने फोन ठेवून दिला, काकांनी त्यानंतर. पुढे महिनाभर मी इथून फोन करकरून समेट घडवत होतो. दोन बोटं रुंदीच्या त्या चौकोनात मी लिहिलं, नॉट नोन.

आई मात्र लाईनवरच होती आणि पुढचा प्रश्न बायकोने मुद्दाम मोठ्याने वाचला, आठवड्याला दारू किती. त्यांचं सरकार सांगतं की आठवड्याला चौदा युनिटच्या वर नियमित पिऊ नये. आई म्हणाली, "म्हणजे चौदापर्यंत सरकारच पाजतं?" मी "नेव्हर"वर टिक करून पान उलटलं.

नाव लागलं एकदाचं. दहा आकडी एनएचएस नंबर आला, नाना म्हणाले माझ्या आभा कार्डाचा चौदा आकडी आहे, आणि त्यांना फार बरं वाटलं.

मग थंडी पडली आणि माझा घसा बसला. सकाळी आठला फोन लाइन उघडते, आठ वाजून एका मिनिटाने लावला तर पुढे रांग, मध्ये पियानो. शेवटी बाई आल्या, काय होतंय सविस्तर सांगा म्हणाल्या. आवाजच नाही तर सविस्तर काय सांगणार, घसा एवढंच कसंबसं म्हटलं. तर म्हणाल्या घशासाठी डॉक्टर नाही, फार्मसीत जा. ते खरंच आहे, २०२४ पासून इंग्लंडात फार्मसी फर्स्ट म्हणून योजना आहे, घसादुखी, कानदुखी, सायनस अशी सात दुखणी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच बघतो. त्याने आतल्या खोलीत नेऊन घशात बॅटरी मारली, म्हणाला अँटिबायोटिक नको, आराम करा. तसा माणूस शहाणा वाटला मला. पण आईला हे सांगायला नको होतं. "लाखाच्या वर भरले, फॉर्मपायी घरात भांडणं झाली, आणि शेवटी मेडिकलवाल्याकडेच गेलास?"

जिभाऊंनी मात्र एवढंच धरून ठेवलं की पोराचं नाव लागलंय. परवा व्हॉट्सअॅपवर एक्स-रे आला, ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो, कोपऱ्यात जिभाऊंचा अंगठा, खाली मेसेज, "डॉक्टरले दखाड." मी समजावलं, जिभाऊ, इथे एका पेशंटला दहा मिनिटं देतात आणि एका वेळी एकच दुखणं सांगायचं असतं.

जिभाऊंचा रिप्लाय आला, "म्हणून तर एकच गुडघा पाठवला."