हमखास फसणारा फराळ

फराळ हमखास जमण्याच्या कृती पैशाला पासरी मिळतात. हमखास फसण्याची कृती मात्र कुणी नीट लिहून ठेवत नाही. परिणामी दर दिवाळीला घरोघरी लोक आपापल्या अकलेने फराळ बिघडवतात आणि त्यात सातत्य राहत नाही. एखाद्या वर्षी चकली चुकून खुसखुशीत होते आणि मग पुढची चार वर्षं घरचे ‘त्या वर्षीसारखी कर’ म्हणून डोकं खातात. हा धोका तुम्हाला नको असेल तर पुढे वाचा.

आधी वेळेचं बघू. अनारशाचे तांदूळ ३ दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं. मग ते उपसून पंच्यावर पसरायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करायचे आणि डब्यात निदान ४-५ दिवस मुरू द्यायचे. म्हणजे आठवडा तर सहज जातो. तुम्ही तांदूळ धनत्रयोदशीला भिजत घाला. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून घरचे फराळाला बसतील तेव्हा तांदूळ पहिल्याच पाण्यात असतील. तेवढ्यावर भागत नसेल तर बाजारची तांदळाची पिठी आणा. कोरड्या पिठीत गूळ विरघळायला ओलच नसते, त्यामुळे मिश्रण भुरभुरीत राहतं. मग त्यात दूध ओता, ते एकदम सैल होईल. मग पुन्हा पिठी, पुन्हा दूध. अर्ध्या किलोचं पीठ रात्री अकरापर्यंत दोन किलोंवर आरामात जातं.

प्रयोग करायचा तो सणाच्या आदल्या रात्रीच. पंधरा दिवस आधी वाटीभर पिठाचा नमुना करून बघणं ही भित्र्यांची रीत झाली. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची नाही. तांदूळ वेगळा, गूळ वेगळा, कढई नवी, शेगडी इंडक्शनची आणि कृती तीन ठिकाणांहून जमवलेली: प्रमाण एकीचं, पाणी दुसरीचं, मोहन तिसरीचं. तिसरीने नेमकं लोणी सांगितलेलं असतं, आणि लोण्यात पाणीही असतं, हे दुसरीला ठाऊक नसतं. एवढी तयारी असली की पदार्थ बिघडला तरी कशाने बिघडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वर्षी तीच चूक ताज्या उत्साहाने करता येते.

आता मापं. वाटी घरातली कुठलीही चालते, पण एकदा धरली की शेवटपर्यंत तीच धरायची असते. ही अट पाळू नका. भाजणी आमटीच्या वाटीने मोजा, पाणी २४० मिलीच्या कपाने, आणि मोहनाला हाताला येईल तो चमचा घ्या. मापाचा टेबलस्पून १५ मिलीचा, टीस्पून ५ मिलीचा. म्हणजे नुसता चमचा बदलला की मोहन तिप्पट होतं, नाहीतर तिसऱ्या हिश्श्यावर येतं. स्वयंपाकघरात एवढ्या लहान वस्तूच्या हाती एवढी सत्ता दुसरीकडे कुठे नाही.

चकली बिघडवणं हे जाणकाराचं काम, कारण तिच्यात जागोजागी संधी आहे. भाजणीचं नेहमीचं माप ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, वाटीभर पोहे, शिवाय थोडी मूग डाळ, धणे, जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत पुरत्या वाळवायच्या आणि प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर भाजायचा. तुम्ही सगळं एकाच कढईत लोटा. पोहे करपतील तेव्हा तांदूळ अजून कच्चा असेल. गिरणीत डबा ठेवताना तोंड उघडू नका. सांगितलंत तर गिरणीवाले काका भाजणी तांदळावर किंवा डाळीवर दळून देतील. न बोलता ठेवलीत तर गव्हावर नंबर लागण्याची चांगली शक्यता आहे, आणि चक्कीत राहिलेलं गव्हाचं पीठ भाजणीत फुकट मिळेल.

मोहनाचं गणित सोपं आहे. २ वाट्या भाजणीला २ टेबलस्पून कडकडीत तेल पुरतं. ‘जास्त मोहन म्हणजे जास्त खुसखुशीत’ या तर्काने दुप्पट घाला. पिठाच्या कणांवर तेलाचा थर बसला की पाणी आत शिरत नाही आणि पीठ एकमेकाला धरून राहत नाही. सोऱ्यातून चकली देखणी पडेल, तेलात सोडल्यावर फसफसून फेस येईल आणि झाऱ्यात येईल तो चुरा. शंका नको म्हणून चिमूटभर सोडाही घाला. त्याने चकली तेल पिते, म्हणजे विरघळली नाही तरी तेलकट होतेच. उलट कुणाला कडक चकलीची हौस असेल तर त्यांनी मोहन घालूच नये. कवळी लावणाऱ्यांना ती दुरूनच दाखवावी.

सगळ्यात महत्त्वाचं, पहिला घाणा भरगच्च काढा. जाणती माणसं आधी एकच छोटी चकली तळून बघतात. विरघळली तर पिठात थोडी कोरडी भाजणी मळतात. कडक झाली तर चमचाभर गरम तेल. सोऱ्यातून तुटत पडली तर पाण्याचा हात, आणि काटे न येता गुळगुळीत पडली तर पीठ सैल झालंय हे ओळखून पुन्हा भाजणी. पाच मिनिटांत सगळं निस्तरतं, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे. म्हणून चार ताटं भरून चकल्या आधीच पाडून ठेवा. पंख्याखाली त्या वरून सुकतील आणि उचलताना आपोआप अर्ध्या-अर्ध्या होतील. संख्या दुप्पट.

आच मोठी हवी. बाहेरून तांबूस, आतून ओली अशी चकली पहिली दहा मिनिटं कुरकुरीत लागते. तेवढ्यात तिचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवून द्यावा. मध्यम आचेवर, तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळली तर आतलं पाणी निघून जातं आणि चकली पंधरा दिवस तशीच राहते, पण तेवढा वेळ कढईपाशी कोण ताटकळणार? गरम गरमच डब्यात भरून झाकण लावा. वाफ आतल्या आत जिरेल आणि सकाळी चकलीची पोळीसारखी घडी घालता येईल.

अनारशाकडे परत येऊ, कारण त्याच्याइतकं मनासारखं दुसरं काही बिघडत नाही. पिठाच्या वाटीला किसलेल्या गुळाची वाटी, तीही दाबून न भरता, असं जुन्या बायका बजावतात. तुम्ही दाबून भरा आणि वर एक खडा देवाच्या नावाने टाका. गरम तुपात गूळ आधी वितळतो. तांदळाचं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आतच तो पळत सुटतो आणि अनारसा कढईभर हसतो. तुम्हीही हसा आणि आच वाढवा. तळाला गेलेला चुरा करपेल आणि पुढच्या प्रत्येक अनारशाला काळे तीळ लावून देईल. काही लोक अशा वेळी गॅस बंद करून तूप गाळून घेतात, उरलेल्या गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळून तो तासभर झाकून ठेवतात आणि पुन्हा एकच अनारसा सोडून बघतात. त्यांच्या नादी लागू नका.

खसखशीची बाजू खाली करून सोडा. ती वर ठेवायची असते. अनारसा उलटायचा नसतो, मंद आचेवर झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते आणि खसखस पांढरी राहते. खाली सोडलीत की खसखस सुटून तुपात तरंगते, जळते आणि कडू होते. तळलेले अनारसे चाळणीत उभे करून निथळवण्याचीही गरज नाही. एकावर एक रचले की वरच्याचं तूप खालच्याला मिळतं आणि सगळ्यात खालचा उचलायला सांडशी लागते. साजूक तुपाचा भाव पाहता हा या मार्गदर्शनातला सगळ्यात खर्चिक प्रयोग आहे, याची नोंद घ्यावी.

पाकातले रव्याचे लाडू त्यामानाने स्वस्तात बिघडतात. पाक एकतारी हवा. चिमटीत धरून बोटं हळूच उघडली की एक तार, न तुटता. थर्मामीटर असला तर साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअस. हा टप्पा येतो आणि जातो, म्हणून पाक उकळायला लागला की फोन घ्यावा, शक्यतो मावशीचा. ‘हं, हं’ म्हणेपर्यंत एकतारी पाक दोनतारी होऊन गोळीबंदाच्या वाटेला लागतो आणि रवा घातल्यावर मिश्रण परातीतच थिजतं. दुधाचा हबका मारून, पातेलं कुकरमध्ये शिट्टीविना वाफवून ते पुन्हा वळण्याजोगं करता येतं, पण बत्ता जवळ असताना एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पाक कच्चा राहिला असेल तर मात्र संयम बाळगू नका. झाकून ४-५ तास ठेवलं की रवा पाणी ओढतो आणि बहुतेकदा लाडू वळले जातात. ते व्हायच्या आत, पाचव्याच मिनिटाला त्यात मूठ मूठ कच्चा रवा घालत सुटा. दाताखाली कचकच आली म्हणजे प्रमाण बरोबर आहे.

साखर नको असेल तर गोड गोळ्यांचा पाक करा. तार येते ती पाण्यात दाट विरघळलेल्या साखरेमुळे. गोळ्यांच्या पाण्याला ती या जन्मी येणार नाही. तरी ढवळत राहावं. खांद्याला व्यायाम होतो.

बेसनाच्या लाडवांबद्दल थोडक्यात. बेसन बारीक घ्या, म्हणजे लाडू टाळ्याला चिकटतो आणि खाणारा बराच वेळ काही बोलू शकत नाही. मंद आचेवर भाजताना बेसन आधी जड लागतं, मग हलकं होतं, तूप सोडायला लागतं आणि वास सुटतो. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तुम्ही मोठ्या आचेवर १० मिनिटांत रंग आणा. रंग तोच येतो, कच्चेपणाही जात नाही. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावर घालतात. कढत असतानाच घातलीत की सगळं सैल होईल, वळलेले लाडू ताटात हळूहळू बसत जातील आणि संध्याकाळपर्यंत एकच मोठा, सपाट लाडू तयार होईल.

दर वर्षी कुणाला तरी घराच्या आरोग्याची काळजी वाटते आणि ती करंजीवर निघते. करंजीच्या पारीतून मैदा हद्दपार करून निव्वळ नाचणी घाला. मैदा-रव्याला जो चिवटपणा असतो, ज्याच्यामुळे पारी पातळ लाटली जाते आणि सारणावर मिटते, तो नाचणीत नाही. पारी लाटताना चिरते, मिटताना फाटते आणि तेलात उमलते. करंजी फुटली की सारणातली साखर तेलात जळते. त्याच तेलात पुढे शंकरपाळे तळा, तेही काळे होतील. कडांना दुधाचं बोट लावायचं विसरा, ओल्या फडक्याने पाऱ्या झाकायचं विसरा, आणि नाचणी वाईट असते असं सगळ्यांना सांगा.

तेलच नको म्हणणाऱ्यांसाठी एअर फ्रायर आहे. त्यात कच्ची चकली घातली की गरम वारा तिला वाळवतो. निघते ती पांढुरकी, कोरडी आणि कडक. मऊ पडलेल्या तळलेल्या चकल्या त्यात १५० अंशांवर ४-५ मिनिटं ठेवल्या तर पुन्हा कुरकुरीत होतात, हा त्या यंत्राचा खरा उपयोग. तो घरात कुणाला सांगू नये.

चिवड्याला फार डोकं लागत नाही. पातळ पोहे उन्हात न देता थेट मोठ्या आचेवर परता, ते आक्रसतील. मीठ जाड घाला, म्हणजे ते तळाशी जाऊन बसतं आणि डबा संपवणाऱ्यालाच काय ते मिळतं.

एवढं पाळलंत तर लक्ष्मीपूजनापर्यंत सगळं बिघडलेलं असेल. फक्त एक सावधगिरी बाळगा: बिघडलेलं दुरुस्त करायला जाऊ नका. चकलीचा चुरा तेल निथळवून मिसळीवर घातला तर फरसाण मागे पडतं. थिजलेला रवा गरम दुधात सोडला की सांजा होतो. बसलेल्या बेसन लाडवांच्या थाळीत थापून वड्या पडतात आणि हसलेला अनारसा दुधात चुरून त्यावर वेलची टाकली तर लोक वाटी चाटतात. हे सगळं चवीला चांगलं लागतं, हीच अडचण आहे.

आणि इतकं करूनही एखादा पदार्थ पहिल्या फटक्यात जमलाच तर? तसंही होतं. बेसनात भाजताना चुकून २ चमचे रवा पडतो आणि लाडू टाळ्याला चिकटायचा थांबतो. पारीतून हाकललेली नाचणी कुणीतरी तुपावर भाजून सारणात ढकलतं आणि करंज्या दुसऱ्या दिवशी उरत नाहीत. अशा वेळी घाबरून जाऊ नका, फक्त काहीही लिहून ठेवू नका. डायरीत नको, फोनमध्ये नको, कॅलेंडरच्या मागच्या पानावर तर अजिबात नको. ज्या वाटीने मोजलं तिच्यात चिवडा भरून शेजारी पाठवून द्या. पुढच्या दिवाळीपर्यंत ती परत येत नाही. काकू कृती विचारायला आल्याच तर दारातच उत्तर द्यावं.

‘मोहन किती घातलंस गं?’

‘लागेल तेवढं, काकू.’

‘आणि पाक?’

‘नेहमीसारखाच.’