बागेतली पिंपं हलवू नका

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले आठ दिवस बागेवरून जे चाललंय, त्यावर तिथे दोन ओळींत लिहून भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे. पण बागेत ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

नवा प्रस्ताव असा आहे, की बागेच्या नूतनीकरणात भाजी लावलेली आपली १७ पिंपं काढून टाकायची आणि तिथे काचेची बंद खोली बांधायची. आत रॅकवर रॅक, वर एलईडी दिवे, आणि मातीशिवाय नुसत्या पाण्यावर वाढवलेली पालेभाजी. 'आत्ताही पिंपांत एकावर एक रोपं लावून उभी शेतीच करताय ना, मग तीच आधुनिक पद्धतीने झाली तर बिघडलं कुठे?' असं आपल्यातल्याच एका दादांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

सहा वर्षांपूर्वीची बाग आठवा. फाटकाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, झोपाळ्यांच्या नुसत्या साखळ्या लोंबत होत्या. हिरवळ केव्हाच जळून गेली होती, कारण हिरवळीला रोज पाणी लागतं आणि बोअरचा पंप बंद पडलेला. मागच्या भिंतीपाशी बाटल्यांचा खच. संध्याकाळी सातनंतर आपल्यापैकी एकही बाई त्या रस्त्याने जात नव्हती. माळीकाका तेव्हाही होते, पण त्यांच्याकडे अशा चार बागा होत्या आणि हातात एक खराटा. ते यायचे, पाला एका कोपऱ्यात लोटायचे, पेटवायचे आणि पुढच्या बागेत जायचे. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग ती हिरवी भिंत झाली. फीत कापली, फोटो निघाले. कंपाउंडच्या भिंतीवर प्लास्टिकच्या शेकडो छोट्या कुंड्या टांगल्या, त्यांत शोभेची रोपं लावली आणि पाण्याच्या बारीक नळ्या फिरवल्या. डिसेंबरात ती भिंत खरोखर सुरेख दिसत होती, मी स्वतः फोटो काढून बहिणीला पाठवला होता. मार्चमध्ये नळ्या क्षारांनी तुंबल्या. मूठभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, किती वेळ ओल धरणार? एप्रिल संपता संपता सगळी भिंत तपकिरी झाली आणि पुढची दोन वर्षं तशीच उभी राहिली. ज्यांनी ती बसवली त्यांचं देखभालीचं कंत्राट संपलेलं होतं. आपण रोज तिच्यासमोरून जात होतो, पण कोणी तांब्याभर पाणी घातलं नाही. मीही नाही घातलं. त्या रोपांशी आपलं काही नातंच जमलं नव्हतं. ती दुसऱ्या कोणाची तरी होती.

पिंपांची गोष्ट शाळेतून सुरू झाली. मी तिसरी-चौथीला परिसर अभ्यास शिकवते. पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला, आणि तो पुस्तकांत आहेच. पण पुस्तकातलं 'मातीचे प्रकार' हे पान वाचून घेताना माझ्या लक्षात आलं, की वर्गातल्या चाळीसपैकी निम्म्या मुलांनी ओली माती हातात धरलेलीच नाही. आणि शाळेपासून पाच मिनिटांवर एक अख्खी बाग कुलूप लावून पडली होती.

परवानगीला किती हेलपाटे घातले, ते इथे सांगत बसत नाही. मिळाली, इतकं पुरे.

जमीन खणायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मैदान मुलांना खेळायला हवं. रेन ट्री आणि करंजाच्या मुळांना धक्का लागता कामा नये. वाफे काढले असते तर क्रिकेट खेळणारी पोरं आणि आपण यांच्यात पहिल्याच आठवड्यात भांडणं झाली असती. म्हणून उभी शेती करायचं ठरलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून कितीतरी लोकांना शिकवलं, की पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश असला की शेतीला मोठी जमीन लागत नाही. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. म्हणजे आम्ही काही नवा शोध लावत नव्हतो.

पिंप कसं तयार होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. २०० लिटरचं जुनं प्लास्टिकचं पिंप घ्यायचं. त्यात आधी खाण्याची वस्तू भरलेली असायला हवी. केमिकलचं पिंप फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, ते कितीही धुतलं तरी मनातली शंका जात नाही. करवतीने आडव्या चिरा पाडायच्या, चिरेभोवतीचं प्लास्टिक ब्लो लॅम्पने तापवायचं आणि मऊ झालं की त्यात काचेची बाटली तिरकी दाबून धरायची. गार होईपर्यंत बाहेर आलेला छान खिसा तयार होतो. एका रांगेत आठ, अशा सहा रांगा, म्हणजे ४८ खिसे. दोन पाट मांडावेत एवढ्या जागेत ४८ रोपं! मधोमध भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा करायचा आणि त्यात भाजीची देठं, फळांची सालं आणि गांडुळं सोडायची. गांडुळं भोकांतून मातीत ये-जा करतात आणि खत आतल्या आतच होतं. खाली झिरपलेलं काळं पाणी बादलीत धरायचं आणि पुन्हा वरून ओतायचं.

माती कुठून आणली? जो पाला आपण जाळत होतो, त्याचीच ती झाली. जाळीचे गोल पिंजरे केले, त्यांत पाला थरांनी दाबला आणि वरून शेणाचं पाणी शिंपडलं. पहिली खेप सात महिन्यांनी तयार झाली. माळीकाकांनी ओंजळीत घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "बाई, हा तर पहिल्या पावसाचा वास आला." तेव्हापासून त्या बागेत पाला पेटलेला नाही. एकदाही नाही.

आता मुलांबद्दल, कारण माझा सगळा आग्रह त्यांच्यासाठी आहे.

पहिल्या हिवाळ्यात एका मुलीने तक्रार केली, की तिच्या बाजूची माठाची भाजी वाढतच नाही, पलीकडच्या गटाने खत चोरलं असणार. आम्ही पिंपाभोवती उभे राहिलो. दक्षिणेकडच्या खिशांतली रोपं वीतभर झालेली, उत्तरेकडची जेमतेम बोटभर. मी काही सांगितलं नाही. रोज मधल्या सुट्टीत सावली कुठे पडते ते खडूने आखायला लावलं. आठवड्याभरात त्यांचं त्यांनाच कळलं, की डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेकडचे खिसे दिवसभर सावलीत राहतात. तिथे त्यांनी पुदिना लावला, त्याला ते मानवलं. आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा सुट्टी असूनही नऊ मुलं भर दुपारी बागेत आली. पिंपाची सावली पिंपाच्या पायाखाली शिरली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. हे मी इतकी वर्षं शिकवत होते आणि मलाही ते पुदिन्याच्या खिशांवर पडलेलं ऊन पाहूनच नीट उमगलं.

दुसरी गोष्ट कढीपत्त्याची. एक दिवस चौथीतला मुलगा ओरडतच आला, "बाई, पक्ष्याने पानावर घाण केलीय आणि ती घाण चालतेय!" ती बहुरूपी फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे फिरकत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने डिवचलं की डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार दिवसांत झाडाचे शेंडे फस्त झाले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना त्याच झाडाची पानं फोडणीला लागतात. त्या म्हणाल्या, "औषध मारा, नाहीतर खिचडीला काय घालू?" वर्गात तासभर वाद झाला, दोन्ही बाजूंना मुलं होती आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी मुलांनी ठरवलं, की आणखी एक कढीपत्ता लावायचा, एक मावशींचा आणि एक बहुरूपीचा. मावशींनी ते मान्य केलं. कोषातून फुलपाखरू निघालं त्या सकाळी खिचडी चुलीवर ठेवून मावशी स्वतः पाहायला आल्या होत्या. पंख पुरते पसरेपर्यंत ते फांदीला लटकून होतं, वीस-बावीस मिनिटं, आणि चाळीस मुलं चिडीचूप बसून होती. ज्यांनी कधी प्राथमिकचा वर्ग घेतलाय त्यांना कळेल मी काय सांगतेय.

काचेच्या खोलीत अळी येणार नाही. किंबहुना ती येऊ नये म्हणूनच ती खोली बांधतात. तिथे मुलांना सूर्य कुठून जातो याच्याशी देणंघेणं नसेल, पानांचा रस शोषणारा मावा पडणार नाही, तो खायला ढालकिडेही येणार नाहीत. मुलं काचेबाहेर रांगेत उभी राहतील, माहिती ऐकतील आणि परत जातील.

बंद खोलीतल्या शेतीचा मला राग नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिए यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांना मॅनहॅटनच्या गच्च्यांवर किती पिकेल याचा हिशोब करायला लावला. तिथल्या लोकसंख्येच्या दोनेक टक्के लोकांचंच पोट भरेल असं उत्तर आलं, म्हणून शेती इमारतीच्या आत, मजल्यांवर न्यायची कल्पना पुढे आली. सिंगापूरसारख्या जमीनच नसलेल्या देशाला तिची गरज आहे. पण सूर्याचं काम विजेवर करायचं म्हणजे बिल येतंच, आणि पालेभाजीच्या दरात ते निघणं कठीण. अमेरिकेतल्या एरोफार्म्स या नावाजलेल्या कंपनीने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तशीच दुसरी कंपनी, बोवरी फार्मिंग, २०२४ च्या नोव्हेंबरात बंद झाली. त्यांच्यामागे भांडवल होतं, तज्ज्ञ होते. आपल्या बागेत आठवड्यातून दोनदा वीज जाते आणि पंप बिघडला तर महिनाभर कोणी फिरकत नाही. मुळं नुसत्या वाहत्या पाण्याच्या पातळ थरात असली की पंप बंद पडल्यावर उन्हाळ्यात रोपं एक दिवसही तग धरत नाहीत. पिंपातली माती, वर पाल्याचं आच्छादन असेल तर, दोन-तीन दिवस तरी निभावून नेते. हिरव्या भिंतीच्या वेळीही पाणी थांबलं आणि रोपं गेली, मग पुन्हा त्याच वाटेने का जायचं?

१७ पिंपांतून कॉलनीचं पोट भरत नाही, हे मला मान्य आहे. आठवड्याला शाळेच्या खिचडीत पडेल एवढी मेथी-पालक, थोडी कोथिंबीर, पावसाळ्यात मांडवावर दोडकी आणि मायाळू. पण त्या भाजीला रोज कोणीतरी लागतं. म्हणून सकाळी सहाला आजोबा मंडळी झारी घेऊन येतात, म्हणून फाटक उघडतं, म्हणून बाटल्यांचा खच गेला. दिवे तर अजूनही दोनच लागतात, तरी संध्याकाळी सातला आता बायका निर्धास्त बसलेल्या असतात. बाग माणसांनी भरली ती या कामामुळे. हे काम यंत्राकडे दिलं, तर माणसं यायचं कारणच उरणार नाही.

'अशा जागेतून काय होणार' असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून यावं. मिठी नदीकाठची ती ३७ एकर जागा म्हणजे मुंबईचा कचरा टाकायचं मैदान होतं. १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं, आज तिथे जंगल आहे आणि शाळांच्या सहली येतात. कचऱ्यावर जंगल उभं राहतं, तर आपल्याकडे निदान करंज आणि रेन ट्री तरी आधीपासून आहेत.

आपलं दुखणं मे महिन्याचं आहे, ते मी लपवत नाही. पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच शाळेला सुट्टी, मुलं गावाला, आणि निम्मी कॉलनीही बाहेर. दुसऱ्या वर्षी आपली पाच पिंपं अशीच वाळली. त्यानंतर आपण एप्रिलमध्येच पालेभाजी काढून घेतो, खिशांत पुदिना, ओवा, गवती चहा एवढंच ठेवतो आणि वर जाड आच्छादन घालतो. तरी पाणी घालायला माणूस लागतोच. नूतनीकरणाचे पैसे खरोखर आले असतील, तर त्यातून तीन गोष्टी करा. माळीकाकांना या एकाच बागेवर कायम ठेवा आणि पगार वेळेवर द्या. पावसाचं पाणी साठवायची एक टाकी बांधा. आणि दुरुस्त होणारा साधा पंप बसवा. काचेच्या खोलीपेक्षा हे कितीतरी कमी पैशांत होईल.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला बागेतच बैठक आहे, प्रस्ताव आणणारे दादाही येणार आहेत. त्यांनी रविवारी सकाळी सातला एकदा जरूर यावं, मुलं तेव्हा नवीन तीन पिंपं भरणार आहेत. बाकीच्यांनीही यावं. येताना सोसायटीतला सुका पाला पोत्यात भरून आणा. प्लास्टिक वेचून काढलेला आणा, मागच्या वेळी चहाच्या कपांचं फार निघालं होतं. आणि फाटकाजवळची रुई साफसफाईत कोणी उपटू नका. तिच्यावर अळ्या आहेत, तिसरीची मुलं रोज मोजतात. काल अकरा होत्या.