मराठीला दर्या माहीत नाही म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर सध्या एक पोस्ट फिरायलीय. मराठी ही घाटावरच्या शेतकऱ्यांची भाषा, जहाजावरचे सगळे शब्द इंग्रजांनी दिले, आपले म्हणून जे आहेत ते फक्त कवितेतले आणि इंग्रजीनं आपल्याकडून एक शब्द घेतला नाही, असं त्यात आहे. आमच्यातलीच पोरं ते खरं मानून पुढं ढकलायलीत, म्हणून लिहायलोय.

पहिलं, इंग्रजांनी दिले म्हणे. नांगर, शीड, डोलकाठी, वल्हं, सुकाणू, यातला इंग्रजी कुठला ते सांगा की. उसने आहेत काही, बंदर फारसी, खलाशी अरबी, पण ते अरबी-इराणी व्यापाऱ्यांच्या संगतीनं किनाऱ्यावर आले, इंग्रज यायच्या कितीतरी आधी. आणि घाटावरच्यांना समुद्र परका म्हणणाऱ्यानं आपला वेंगुर्ला रोड कुठं जातो ते बघावं, रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल घाट उतरून त्याच बंदरात जायचा.

दुसरं, फक्त कवितेतले. याचाच मला जास्त राग आला. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, मग वारा जमिनीकडून दर्याकडं सुटतो, तो मतलई, शिडाच्या होड्या पहाटे त्याच्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारी जमीन तापली की उलटा खारा वारा यायचा त्याच्यावर घरी. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप चढतं नि तेवढंच उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात, तेव्हा भांगाची भरती, चढ-उतार थोडा. डोल जाळं, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवरच चालतं, उधाणात ओढ जोरात आणि भांगात मंद, म्हणून जाळं कधी लावायचं हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, तिथीवरून ठरवावं लागतं. यात कविता कुठं आली? हे पोट भरायचे शब्द आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य. मोठ्या जहाजांवर बोलणं इंग्रजीतच, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2001 मध्ये त्यासाठी ठरावीक वाक्यंच मंजूर केलीत. पोर्ट-स्टारबोर्ड (पुढं तोंड केल्यावर जहाजाची डावी-उजवी बाजू) पण हवंच, कारण माणूस वळला की त्याचं डावं-उजवं बदलतं, जहाजाची पोर्ट बाजू बदलत नाही. मर्चंट नेव्हीच्या मागं लागलेल्या पोरांनी ते घोकावंच. पण आज जहाजावर इंग्रजी चालते म्हणून आधी इथं काहीच नव्हतं, हे कुठलं लॉजिक?

राहिलं तिसरं, इंग्रजीनं काही घेतलं नाही. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं या लढाऊ जहाजांशी कंपनीच्या जहाजांची इतक्यांदा गाठ पडली की इंग्रजांच्या कागदांत ग्रॅब आणि गॅलिव्हॅट हे शब्द सर्रास दिसतात. इंग्रजांच्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी होते, त्यांचा मुकादम सारंग आणि त्याच्या हाताखालचा तांडेल, ते इंग्रजीत सेरँग नि टिंडल झाले. आणि छोट्या होडीला जगभर डिंगी म्हणतात, तो शब्द हिंदी-बंगालीतूनच गेलाय.