विटेला लिंग नसतं म्हणे, पण टेपचं काय?

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, मग तोच सोसायटीच्या ग्रुपवर, आणि काल तर कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर, म्हणजे जिथे सगळे आर्किटेक्ट आहेत तिथेसुद्धा चौघांनी अंगठे दिले. मजकूर थोडक्यात असा: "गुरुत्वाकर्षणाला बाई-पुरुष कळत नाही, विटेला लिंग नसतं, फूटपाथवर सगळेच चालतात, तरी आता आर्किटेक्चरमध्येही फेमिनिझम घुसलाय. गुलाबी टॉयलेटं, गुलाबी बाकं हवीत म्हणे. बायकांना सुरक्षा हवी, ती लाइट आणि कॅमेऱ्याने मिळते. तशाही बायका बागेत-नाक्यावर बसत नाहीत, मग डिझाइन कोणासाठी? आणि आता मुलीच जास्त आर्किटेक्ट होतायत, मग तक्रार कसली? सगळी युरोपची थेरं, आपल्याला न परवडणारी." खाली हात जोडलेले तीन इमोजी.

ज्या काकांनी टाकलं त्यांना तिथेच उत्तर दिलं तर "अगं गंमत म्हणून पाठवलं" असं येणार हे माहितीये, म्हणून इथे लिहिते. वीस वर्षं हेच काम करतेय, तेवढा हक्क आहे.

तर पहिलं, वीट. नसतं तिला लिंग, मान्य. पण वीट किती उंचीवर लावायची ते टेप ठरवते, आणि ती टेप कोणाच्या अंगाला लावून मापं काढली हे विचारायला नको का? ल कॉर्बुझिए, ज्यांनी चंदीगड केलं, त्यांनी 1940च्या दशकात 'मॉड्युलोर' नावाची मापांची एक पद्धत बसवली. एक माणूस हात वर करून उभा, त्याच्या मापावरून दारं, छतं, कठडे, सगळं ठरवायचं. आधी हा माणूस 1.75 मीटरचा होता, मग त्यांनी तो 1.83 मीटरचा केला, म्हणजे बरोब्बर सहा फूट. का? तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधले देखणे पोलीस सहा फुटी असतात म्हणून! मी विनोद करत नाहीये, खरंच हेच कारण नोंदलेलं आहे. ही पद्धत चंदीगडमध्येही वापरली गेली, जिथे राहणारी सरासरी बाई सहा फुटांच्या आसपाससुद्धा नव्हती. आपल्या देशात बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आगेमागे आहे. माझी आई चार फूट अकरा. तिने आयुष्यभर माळ्यावरचं पातेलं स्टुलावर चढून काढलं आणि आम्ही सगळे तिलाच म्हणत आलो की आई तू बुटकी आहेस. माळा उंच आहे असं कोणी कधी म्हटलं नाही.

आणि ओटा! फ्लॅटमध्ये उभ्याने स्वयंपाक सुरू झाला तेव्हापासून ओट्याची उंची ठरते कशी, तर मिस्त्रीच्या सवयीने. मी क्लायंटकडे गेले की घरात रोज पोळ्या कोण लाटतं ते विचारते आणि त्या माणसाला पोळपाटासमोर उभं करून कोपरापासून माप घेते, दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक वेळा साहेब मधेच म्हणतात, "अहो स्टँडर्ड काय असेल ते करा ना." स्टँडर्ड म्हणजे कोण, हाच तर सगळा वाद आहे.

"फूटपाथवर सगळेच चालतात" हा याच मुद्द्याचा धाकटा भाऊ. चालतात, पण सारखं चालत नाहीत. व्हिएन्नामध्ये 1999 साली एका भागातल्या लोकांना विचारलं होतं की तुम्ही दिवसभरात कुठेकुठे आणि कसे जाता. पुरुषांचे फॉर्म पाच मिनिटांत भरून झाले, घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. बायकांचं लिहिणं संपेना, मुलाला डॉक्टरकडे नेलं, मग शाळेत सोडलं, मग भाजी, मग सासूबाईंना घेऊन पुन्हा कुठेतरी. मग तिथे फूटपाथ रुंद केले, लाइट वाढवले. आता हेच डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये डोळ्यासमोर आणा. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी, फूटपाथची पायरी गुडघ्याला टेकेल एवढी, त्यावर मधोमध ट्रान्सफॉर्मरचा डबा, म्हणून ती बाई खाली रस्त्यावरून चालते, आणि मागून येणारा बाइकवाला तिलाच ओरडतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या आपल्याच इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012च्या नियमात मोकळा 1.8 मीटरचा फूटपाथ सांगितलाय, पायरी दीडशे मिलिमीटरच्या वर नको म्हणून सांगितलंय, हे सगळं कागदावर छान आहे.

आता गुलाबी. काका, इथे मी तुमच्या बाजूने. मलाही गुलाबी रंग मारलेलं टॉयलेट बघून डोकं दुखतं, आणि या विषयात काम करणाऱ्या बायकांनाही तो रंग नकोच आहे. त्यांना आकडा हवाय. साधा हिशोब करू. थिएटरमध्ये समान न्याय म्हणून दोन्ही बाजूंना अगदी सारखी जागा दिली. पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या कमी जागेत बसतात, म्हणून तेवढ्याच जागेत तिकडे आठ जणांची सोय होते आणि बायकांकडे पाच संडास. वर बाईला वेळ जास्त लागतो, कपडे, पाळी, सोबत लहान मूल, पोटात मूल. म्हणजे सोय कमी आणि वेळ जास्त, मग इंटरव्हलला रांग कोणाची लागणार? न्यूयॉर्क शहराने 2005 मध्ये कायदाच केला की नवीन थिएटर, बार वगैरेंमध्ये पुरुषांच्या एका सोयीमागे बायकांच्या दोन हव्यात. रंगाचा उल्लेख नाही हो त्यात कुठे.

आणि हे न्यूयॉर्कचं म्हणून सोडून देऊ नका. 2011 मध्ये मुंबईत 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू झाली. त्यांचं म्हणणं किती साधं होतं बघा, सार्वजनिक मुतारीत पुरुष फुकट जातो आणि बाईकडून मात्र पैसे घेतात. का, तर बाई आत जाऊन नेमकं काय करते ते बाहेर टेबलावर बसलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून सरसकट संडासाचा रेट! हा डिझाइनचाच प्रश्न आहे, कारण बायकांसाठी मुतारी नावाची वेगळी गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बांधतच नाही. त्या कार्यकर्त्या शहरभर फिरून कुठे किती सोय आहे ते मोजत सुटल्या, अर्ज दिले, महापालिकेत चकरा मारल्या. पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' मासिक याच प्रश्नावर हायकोर्टात गेलं आणि 2015 च्या डिसेंबरात कोर्टाने महापालिकांना रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. ज्यांना हे थेर वाटतं त्यांनी एकदा सकाळी आठला घरातून निघून रात्री आठपर्यंत पाणी न पिता बाजारहाट करून बघावा. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं लघवीचं इन्फेक्शन इथून येतं, पण ते कोणी फॉरवर्डमध्ये लिहीत नाही.

लाइट आणि कॅमेरा. लाइट हवाच, त्यात वाद नाही. कॅमेरा मात्र काय करतो, तर झाल्यावर दाखवतो. रात्री साडेनऊला स्टेशनवरून येताना मला पुढे दोन रस्ते असतात, एक स्कायवॉक, त्यावर ट्यूबलाइट आहेत, कॅमेरे आहेत, आणि दुसरा खालचा रस्ता, अर्धा अंधार, पण वडापाववाला, भाजीवाल्या, रिक्षाची लाइन. मी खालून जाते. माझ्या ओळखीच्या सगळ्या जणी खालून जातात. कारण स्कायवॉकवर एकदा चढलं की पुढचा जिना येईपर्यंत सुटका नाही, दोन्ही बाजूंना पत्रे, समोरून कोण येतंय ते दिसलं तरी वळायला जागा नाही, ओरडलं तर ऐकणार कोण. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज या बाईंनी 1961 सालीच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित असतो तो त्यावर असलेल्या माणसांच्या नजरेमुळे. आपण काय करतो? सोसायटीची कंपाउंड वॉल आठ फूट, वर काचा, रस्त्याकडे एक खिडकी नाही, फेरीवाले उठवले की टाळ्या, आणि मग त्या मेलेल्या भिंतीवर कॅमेरा लावून म्हणायचं बघा बायकांसाठी केलं. (आमच्या सोसायटीतही हेच झालं, मी मीटिंगमध्ये बोलले तर चेअरमन म्हणाले तुम्ही आर्किटेक्ट लोक फार विचार करता.)

"बायका तशाही बसत नाहीत" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त चिडवतो, कारण परिणामालाच कारण म्हणून पुढे केलंय. मुंबईत 'पुकार' संस्थेने 2003 ते 2006 मध्ये यावरच काम केलं, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे, यातल्या रानडे स्वतः आर्किटेक्ट. कोणत्या जागी कोण, किती वेळ, कशासाठी उभं आहे हे त्यांनी पाहिलं. पुरुष नुसते उभे असतात, पानाच्या टपरीला टेकून, काहीच न करता. बाई उभी असली तर तिच्या हातात पिशवी असते, कानाला फोन असतो, बसची वाट बघणं असतं, म्हणजे "मी कामासाठी आलेय" असा दाखला सोबत घेऊनच ती उभी राहते. तुम्हीच आठवा, कामाशिवाय नाक्यावर उभी राहिलेली बाई शेवटची कधी पाहिलीत?

आणि डिझाइनने हे बदलतं. परत व्हिएन्नाच, सॉरी, पण उदाहरण फार चांगलं आहे. तिथे लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे राहतात. मुलींना बाग आवडत नाही असं म्हणून ते थांबले नाहीत. पाहिलं तर बागेत मधे एक मोठं मोकळं मैदान, ते फुटबॉलवाल्यांनी धरलेलं, आणि मुली भांडण्यापेक्षा निघून जात होत्या. मग दोन बागांमध्ये जागा तुकड्यांत विभागली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, रस्ते वाढवले, आणि मुली परत आल्या. पुण्यात जेएम रोडचा फूटपाथ रुंद करून बाकं टाकली तेव्हा कोणी त्याला फेमिनिझम म्हटलं नव्हतं, तरी संध्याकाळी जाऊन बघा तिथे आज्या बसलेल्या असतात, कॉलेजच्या मुली असतात, मुलाला खेळायला सोडून नुसती बसलेली एखादी आई असते. बाकं गुलाबी नाहीत.

मुली आर्किटेक्ट होतायत, हो. होत तर केव्हापासूनच्या आहेत, पेरीन मिस्त्री 1936 साली मुंबईच्या जेजेमधून बाहेर पडल्या. 1991 मध्ये आर्किटेक्चरमधला मोठा मानाचा प्रिट्झकर पुरस्कार रॉबर्ट व्हेंचुरींना एकट्याला मिळाला आणि त्यांच्यासोबत सगळं काम केलेल्या डेनिस स्कॉट ब्राउनना नाही, आणि 2013 मध्ये मागणी झाली तरी नाहीच. पण तेही बाजूला ठेवू, कारण बाईने काढलं म्हणजे ते बरोबर असं मी म्हणतच नाहीये. 1926ची प्रसिद्ध फ्रँकफर्ट किचन, म्हणजे जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी बेतलेलं आटोपशीर स्वयंपाकघर, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की या आर्किटेक्टने केली, घड्याळ लावून, पावलं मोजून, दहा हजारांच्या आसपास घरांत ती बसली. त्यांनी स्वतःच सांगितलंय की ते काढेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता! पुढे त्याच किचनवर फेमिनिस्ट बायकांनीच टीका केली की एवढ्याशा खोलीत बाई एकटी कोंडली गेली, दुसरं कोणी मदतीला आलं तर मावत नाही. आपल्या वन बीएचकेच्या बोळासारख्या किचनमध्ये उभं राहून बघा, कळेल.

आणि युरोपची थेरं म्हणाल तर आर्किटेक्ट मिनेट डी सिल्वा श्रीलंकेच्या, काही काळ मुंबईत शिकलेल्या. 1950च्या दशकात कँडीमध्ये सरकारी नोकरांची वसाहत करताना त्यांनी राहायला येणाऱ्या कुटुंबांना आधी प्रश्नावली दिली, तुम्ही कसं राहता, काय हवंय, आणि मग घरं काढली. व्हिएन्नाच्या आधी चाळीस वर्षं. कागद आणि पेन्सिल, बाकी खर्च काय आला असेल त्याला?

आता पुन्हा विटेकडे येते, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा साइट कधी पाहिली नसावी. आपल्याकडे ती वीट बाईच्याच डोक्यावरून वर जाते. घमेलं, वाळू, खडी, सगळं. 1996च्या बांधकाम कामगार कायद्यातच साइटवर संडास-मुतारी सक्तीची केली होती, पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर सुद्धा. मागच्या वर्षी एका साइटचा लेआउट माझ्याकडे तपासायला आला. सिमेंटचं गोडाऊन होतं, स्टील यार्ड होतं, वॉचमनची केबिन, साहेबांची एसी केबिन, लेबर टॉयलेट एक, ते पुरुषांच्या खोल्यांना लागून. मी कॉन्ट्रॅक्टरला विचारलं बायका कुठे जातात, तो म्हणाला, "मॅडम, वो लोग तो कभी बोलते नहीं."

मग मी जाऊन विचारलं. दोघी-तिघी नुसत्या हसल्या, एक म्हणाली पहाटे उजाडायच्या आत, आणि मग एकदम अंधार पडल्यावर, मधे पाणीच पीत नाही. परत येऊन मी ड्रॉइंगवर मागच्या गेटजवळ दोन सीटचा एक चौकोन काढला, आतून कडी, वर पाण्याची टाकी, दार रस्त्याकडे नको आणि पुरुषांच्या खोल्यांकडेही नको. सिमेंटचं गोडाऊन चार फूट सरकवावं लागलं. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, पण सरकवलं.