आंब्याचा गळा

आमच्या डिचोलीच्या घरासमोर मानकुराद आंब्याचं झाड आहे, आजोबांनी लावलेलं, बाबांनी राखलेलं आणि मी जवळजवळ मारलेलं. मुद्दाम नाही हो. चार वर्षांपूर्वी चवथीला पाहुणे यायचे होते म्हणून बुंध्याभोवती चिऱ्यांचा गोल पार बांधला, आत दोन फूट तांबडी माती दाबून भरली, वर बसून चहा घेतला, फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. झाडानेही दाखवला, जरा उशिरा.

पहिल्या वर्षी आंबे नाहीत तर म्हटलं, आंबा वर्षाआडच धरतो. दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसावर ढकललं. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळायला लागल्या आणि मी घरात मानकुरादाचं झाड असून बाजारात मानकुरादाचा भाव विचारत उभा, ह्याहून मोठी बेअब्रू गोव्यात नाही.

मग सल्ले. काकी म्हणाली दृष्ट लागली, मिरच्या ओवाळ. एकाने खिळे ठोकायला सांगितले, दुसऱ्याने मुळात मीठ. शेजारचे भाऊ म्हणाले, कापून टाक. म्हटलं, भाऊ, १९८४ चा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्यावरून काकीला २०१६ आठवलं, तेव्हा सरकारने माडाला झाडांच्या व्याख्येतून काढलं होतं आणि ती परसातल्या माडाकडे बघत म्हणाली होती, "मग हें कितें, वेल?" नंतर माड परत झाड झाला, पण काकीचा सरकारवरचा राग अजून गेलेला नाही.

मे महिन्यात ॲग्रीकल्चर शिकणारी भाची आली. मी वर बोट दाखवून फांद्यांबद्दल सांगतोय आणि ही खाली गुडघ्यावर बसून माती उकरतेय.

"मामा, ह्याचा गळा कुठाय?"

"झाडाला गळा?"

म्हणे बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत शिरतो ती जागा उघडी दिसायला हवी. बुंध्याची साल हवेत राहणारी, सतत ओल्या मातीत ती कुजते. आणि अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फुटांतच असतात, त्यांच्यावर तू आणखी दोन फूट रचलेस, त्यांना हवा कुठून मिळणार. "तुला मानेपर्यंत पुरलं तर मोहोर येईल का?"

रविवारी बसलो उकरायला. कुदळ नाही, साल सोलवटते, खुरपी आणि हात. सगळा वाडा त्याच दिवशी त्याच रस्त्याने गेला. "काय रे, धन मिळालं?" मिळालं ना, मुलाची खेळण्यातली गाडी, स्कूटरची हरवलेली चावी (जिच्यासाठी मी बायकोशी दोन दिवस अबोला धरला होता) आणि बुंध्याला पट्ट्यासारखी गुंडाळलेली मुळं. खालची साल बोट लावल्यावर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली, वास आंबूस. एका बाजूची मात्र शाबूत होती. भाचीने नखाने जरा खरवडून हिरवं दाखवलं, तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कंबर गेली होती तरी.

पाऊस सुरू व्हायच्या आत सगळा पार काढला. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला, गळा दाखव म्हणाली, दाखवला, खूश झाली. मग विचारते, "मामा, एवढी माती टाकलीस कुठे?"

मी कॅमेरा फणसापासून लांब धरला.