वटवट्याच्या मागे

पावसाळा सरला की लोक दिवाळीच्या तयारीला लागतात, मी पहाटे साडेचारचा गजर लावतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो, सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. माझा मात्र होळीपर्यंत लांबतो. घरच्यांच्या मते थंडी पडली की माझ्या अंगात येतं.

ठिकाण ठरलेलं, कवडीपाट. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघायचं, लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळलं की मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. ज्या नदीवरून जाताना आम्ही पुणेकर गाडीच्या काचा वर करतो, तिच्या काठी लडाख-तिबेटकडचे चक्रवाक येऊन उतरतात. संस्कृत कवींनी या जोडप्याला रात्रभर दोन काठांवर बसवून विरहात रडवलंय. इथे मधून इतका फेस वाहतो की पलीकडची चक्रवाकी दिवसाढवळ्याही दिसायची नाही.

पण चक्रवाकाबद्दल माझी तक्रार नाही. चांगला मोठा, केशरी, मान वर करून उभा राहतो. माझं वैर वटवट्याशी आहे. वजन दहा-बारा ग्रॅम, रंग धुऊन धुऊन विटलेल्या बनियनचा, मुक्काम बाभळीच्या पोटात आणि बोलणं एवढंच – 'टक्'. माझी लेन्स दोन किलोची. हप्ते अजून चालू आहेत. 'टक्' ऐकू आलं की मी लेन्स उचलतो. ऑटोफोकस आधी अलीकडच्या काट्यावर जातो, मग पलीकडच्या, मग थेट मागच्या उसात. तिथून तो पक्ष्यावर परत येईस्तोवर नुसती हलणारी डहाळी उरलेली असते. अशा डहाळ्यांचा माझ्याकडे मोठा संग्रह आहे. जाणकारांना दाखवल्या तर विचारतात, "पायांचा रंग कसा होता?" अहो, पाय दिसले असते तर वरचा पक्षी दिसला नसता का?

आपल्या पक्ष्यांची नावं कुणीतरी भांडणाच्या भरात ठेवली असावीत. गप्पीदास, थापट्या, वटवट्या. ढोकरीला तर सरळ वंचक म्हणून मोकळे झालेत. बसलेली असताना मातकट, ओळखूही येत नाही, आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र! फसवणूकच ती.

गेल्या जानेवारीत सात वाजले तरी धुकं हटेना. माकडटोपीतून नाक तेवढं बाहेर. आणि अचानक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढरा बगळा दिसला. मान वाकवलेली, वाऱ्याने पिसं किंचित थरथरताहेत. आयुष्यात पहिल्यांदा एक पक्षी माझ्यासाठी थांबला होता. मी गुडघ्यावर बसलो, चिखल पँटमधून आत आला, उजवी चप्पल तिथेच रुतली. बसू दे रुतून! त्रेसष्ट फोटो काढले. तो हलला नाही. श्वास रोखून सरपटत आणखी पुढे गेलो, तरी हलला नाही. मला भरूनच आलं.

बंधाऱ्यावर आमच्या सोसायटीतले काका दुर्बीण घेऊन उभे होते. तीस वर्षं पक्षी बघताहेत. एका पायात चप्पल घालून मी त्यांच्यापुढे कॅमेरा धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"अरे, ही दुधाची पिशवी आहे."

"काका, मान बघा ना!"

"कापलेला कोपरा आहे तो. पुरात आलेली दिसतेय." मग फोटो अजून मोठा करून म्हणाले, "गाईचं. अर्धा लिटर. तारीखसुद्धा वाचता येतेय रे. फोकस मात्र झकास मिळालाय."

मागच्या बाभळीतून आवाज आला, 'टक्'.